वंदना त्याला काय म्हणायची

८ एप्रिल २०२५, मंगळवार

कुत्र्याचं नाव काय, असं तातेरावांनी आज विचारलं आणि मला सांगता आलं नाही!

झालं असं की त्यांचे व्याही काल सेलूहून मोटारसायकलवर आले. चौकातल्या पाण्याच्या टाकीखालून कुत्रं उठलं आणि गाडीमागं लागलं. व्याही गडबडले, पडले. लागलं काही नाही, पण टाकीचं पाणी गळून तिथं कायम चिखल असतो. पांढरं धोतर त्यात गेलं. धोतर दुसऱ्या कुणाचं असतं तर विषय मिटला असता. व्याह्याचं होतं.

आज सकाळी तातेराव फाटकात उभे. खताच्या दुकानात उधारीवाल्याशी बोलतात तसे शांत बोलत होते. म्हणजे भरपूर रागावलेले होते.

"सोमेश्वरराव, ते तांबडं कुत्रं कुणाचं?"

मी फाटकाची कडी काढायला लागलो.

"कुणाचंच न्हाई ना? मंग पिकअपवाल्याला सांगतो. जिंतूरकडच्या डोंगरात सोडून येईल."

"माझं आहे," मी म्हणालो.

कुठून आलं तोंडात कुणास ठाऊक! इतकी वर्षं वंदनाला 'तुझं कुत्रं' म्हणत आलो. तातेरावांनीही डोळे बारीक केले.

"तुमचं? मंग नाव काय त्याचं?"

पाच मिनिटं तरी मी फाटकाच्या कडीकडं बघत उभा असेन. ते हसायला लागले. "नाव म्हाईत न्हाई अन् म्हणे माझं! असं करू. वीस तारखेला, रविवारी, पिकअप येतीय. सगळ्यांसमोर हाक मारा. आलं तर तुमचं, बांधून ठेवा. न्हाई आलं तर गाडीत."

बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार!


९ एप्रिल

वंदनाला जाऊन महिना होऊन गेला. यंदा गुढी उभारली नाही.

तिला जालन्याला दवाखान्यात नेलं त्या दिवशी कुत्रं गाडीमागं टाकीच्या चौकापर्यंत पळालं. तिथून परत आलंच नाही. टाकीखाली पडून असतं. कुणी टाकलेलं काही खात असेल. आमच्या पायरीकडं फिरकत नाही.

पायरी हीच त्याची हद्द होती. ती दोन्ही वेळा तिथं जर्मनच्या ताटलीत भाकर कुस्करायची. आत मला वाढायची. "अवो, या जेवायला, निवून चाललं" अशी तिची हाक आली की मी पेपरची घडी करायला लागायचो. घडी नीट व्हायला वेळ लागतो.

कुत्र्याबद्दल मी दोनच अटी घातल्या होत्या. उंबऱ्याच्या आत नको. आणि नाव ठेवायचं नाही — नाव ठेवलं की घरातलं होऊन बसतं. "न्हाई ठेवत," ती लगेच म्हणाली. ती माझं एवढ्या लगेच कधीच ऐकत नसे. तेव्हाच शंका यायला हवी होती.

नाव ठेवलंच असणार. मला चोरून. काय ठेवलं असेल?


१० एप्रिल

सकाळी हाका मारून पाहिल्या. आजूबाजूला कुणी नाही हे बघून.

आधी यू-यू. मग चक-चक. मग मोत्या, राजा, खंड्या, टॉमी, वाघ्या. वाघ्याला कान हलला! पण माशी होती.

माझा आवाजच हाकेचा नाही. कृषी खात्यात इतकी वर्षं काढली, पण बांधावरून कुणाला हाक मारायची वेळ आली की मी ढेकळं तुडवत त्याच्याजवळ जाऊन उभा राहायचो. शेतकरी म्हणायचे, साहेब, आवाज दिला असता तर मीच आलो असतो की.

भाकर नेली होती. हुंगली आणि तोंड फिरवलं. कावळ्यानं नेली. फासळ्या दिसायला लागल्यात त्याच्या.


११ एप्रिल, शुक्रवार

तुळजाबाईंना विचारलं. शेजारच्या, वंदनाच्या मैत्रीण. दोघी टेंभुर्णीच्याच, एका शाळेतल्या. त्यांना माहीत नसेल तर कुणालाच नसेल.

"वंदना कुत्र्याला काय म्हणून हाक मारायची?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडल्या. हसत होत्या!

"तुम्हाला खरंच म्हाईत न्हाई भावजी?"

"नाही."

"बिलकुल न्हाई?"

"नाही म्हणालो ना."

"अगं बाई!" परत पदर. "मला न्हाई बाई सांगता यायचं. माझ्या तोंडातून बरं न्हाई दिसत."

"शिवी आहे का?"

"शिवी कशाला असंल?" आणि मग जे हसल्या, की कुंपणापलीकडं तातेरावांच्या दुर्गाबाई कपडे वाळत घालत होत्या, त्याही हसायला लागल्या. न विचारता! म्हणजे त्यांनाही माहीत आहे. गल्लीतल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. फक्त मला नाही.

"तातेरावांना नका सांगू म्हणजे झालं," दुर्गाबाई तुळजाबाईंना म्हणाल्या. यात तातेरावांना काय सांगायचं होतं?


१२ एप्रिल

कुत्र्याचाच विचार डोक्यात आहे.

आपण त्या जनावराच्या नावावर काय काय खपवलंय! पावसाळ्यात उकिरड्यावर उगवते ती कुत्र्याची छत्री. त्यानं कधी धरली होती? दिवसभर माणूस राबतो ती कुतरओढ. रानात कपड्यांना चिकटणाऱ्या कुसळांना माझी आई कुत्रं म्हणायची — "पायजम्याची कुत्री काढ अन् मंग घरात ये."

एकदा मलाच पाथरवाल्याच्या रस्त्यावर कुत्रं चावलं होतं. दवाखान्यात गेलो. मी म्हणालो कुत्रं चावलं, त्यांनी लिहिलं श्वानदंश. चावतं कुत्रं, कागदावर जातो श्वान. आयुष्यभर सरकारी कागद लिहिले, तरी हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं. सरकारात गेलं की कुत्र्याचीसुद्धा बढती होते.

ऊन फार आहे. दोन वेळा पाणी ठेवून आलो. पाणी पितं. माझ्यासमोर नाही.


१३ एप्रिल, रविवार

साधनाचा फोन. हैदराबादला तिच्या ऑफिसात मोबाइलवर निरनिराळ्या भाषा लिहिता याव्यात असं काहीतरी काम चालतं. मला नीट कळलेलं नाही. तिला म्हणालो, तुझी आई कुत्र्याला काय म्हणायची ते तुला माहीत असेल.

"मी घरी होते तेव्हा पिल्लू होतं ते. पिल्याच म्हणायचो. पण थांबा पप्पा, मी ऑफिसमध्ये सगळ्यांना विचारते."

"त्यांना काय माहीत तुझी आई काय म्हणायची?"

"तसं नाही. तुमच्याकडं कुत्र्याला काय म्हणतात ते विचारते. मग तुम्ही एकेक हाक मारून बघा!"

चेष्टा करत होती. पण दुपारी खरंच परत फोन. आवाज बरा वाटला. आई गेल्यापासून ती फोनवर फक्त 'जेवलात का' एवढंच विचारायची. आज जेवणाचं विसरली.

तेलुगूत कुक्क म्हणतात. मी म्हणालो ही कोंबडी वाटते. कानडीत नायी. म्हणजे आमच्या गल्लीत कुणी कानडी माणूस येऊन विचारेल, काय पाळलंय, आणि लोक म्हणतील न्हाई! स्पेनमध्ये पेरो. "हे तुमच्या खात्याचं, पप्पा. पेरणीचं." जर्मनीत हुंड. यावर तिनंच सांगितलं की आईला सांगितलं असतं तर म्हणाली असती, फुकटात पाळत नसतील, हुंडा घेत असतील. खरं आहे. अगदी तसंच म्हणाली असती.

मग भुंकण्यावर आली. कुत्री सगळीकडं एकच भुंकतात, पण माणसांना ऐकू वेगळं येतं, असं तिचं म्हणणं. आपल्याकडं भो-भो. जपानात वान-वान. तुर्कस्तानात हाव-हाव. इंडोनेशियात गुक-गुक. रुमानियात हाम-हाम. "आणि कोरियात काय माहितेय? मंग-मंग!"

"काय?"

"मंग-मंग. म्हणजे अगदी तसं नाही, पण जवळपास. आई कोरियन बोलायची पप्पा!"

हसलो. बऱ्याच दिवसांनी घरात माझाच आवाज मोठा वाटला. वंदनाला मी लग्नापासून सांगत आलो होतो — मंग नाही, मग. अनुस्वार नाही. ती म्हणायची, "बरं. मंग?" मी दिवसभराचं काही सांगायला लागलो आणि मधेच थांबलो की तिचं ते 'मंग?' यायचं आणि मला पुढचं सांगावं लागायचं. एरवी मी कुठं बोलणारा?

साधनानं नाक ओढलं. मग म्हणाली, जेवलात का?


१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक जोरात झाली. स्पीकरच्या आवाजानं सगळी कुत्री गल्ली सोडून गेली. आपलं हललं नाही. टाकीखालीच.

'आपलं' लिहिलं की मी.


१५ एप्रिल

पाव आणायला बेकरीत गेलो. कुत्रं पावाला फसतं का बघावं म्हणून. बेकरीचे यासीनभाई म्हणाले, साहब, पाव तो चाय के साथ खातेन आप, ये अलग कायकू? सांगावं लागलं.

त्यांनी मनापासून ऐकून घेतलं. म्हणाले, लहानपणी थोडी फारसी शिकलो होतो, त्यात कुत्र्याला सग म्हणतात. मला सगा ऐकू आलं. सगेसोयऱ्यांतला. म्हणालो, चांगला शब्द आहे. ते हसले. "वैसाच है साहब. सगे छोड के जाते, ये नै जाता."

मग विचारलं, तुम्ही कसं बोलावता?

"तू-तू-तू करके बुलाते. लेकिन आप वो नक्को करो."

"का?"

"उसकू तू-तू करके कौन बुलाया अब तक? बीबी साहब बुलाती थी ना? वो किसकू तू बोलती थी? मेरेकू भी यासीनभाई, आप. इज्जत से बुलाव. आता."

पाव खाल्ला नाही. इज्जतीनं कसं बोलवायचं? 'या' म्हणून पाहिलं. शेपूट थोडी हलली! परत म्हणालो, परत हलली. पण उठलं नाही.

'या' म्हणजे अर्धंच काहीतरी आहे. पुढं किंवा मागं आणखी काहीतरी असणार.


१६ एप्रिल, बुधवार

आज एक गोष्ट ऐकली आणि तेव्हापासून मन लागत नाही.

नळाला पाणी आलं होतं. बायकांची गर्दी. मी हंडा घेऊन मागं उभा. पुढं तुळजाबाई कुणाला तरी सांगत होत्या — "त्यांचीच तर हाक ती! दुसरं काय?" एवढ्यात मी दिसलो. एकीनं हसू दाबत नळाकडं तोंड फिरवलं.

त्यांची. म्हणजे माझी.

म्हणजे वंदना त्या कुत्र्याला सोमेश्वर म्हणायची!

दिवसभर हेच. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात चारचौघांनी अडवलं तेव्हा एकदा घेतलं होतं तिनं, खाली मान घालून, एवढ्या हळू की लोक म्हणाले ऐकूच आलं नाही, परत घे. परत घेतलं नाही. माझ्या कानावर माझं नाव तिच्या तोंडून फक्त तेव्हा. पुढं कधी नाही. आणि मी आत पेपर वाचत असताना बाहेर पायरीवर ती कुत्र्याला त्या नावानं बोलवायची?

साधनाला फोन केला. तिला सांगितलं नाही. एवढंच विचारलं की जगात सगळीकडं कुत्रा म्हटलं की शिवीच का?

"बहुतेक ठिकाणी. पण अमेरिकेत पोरं दोस्ताला म्हणतात, काय डॉग, कसं चाललंय."

"आणि नवऱ्याला?"

"काय झालं पप्पा?"

काही नाही म्हणालो.

रागावलो आहे की काय हे मला कळत नाही. रागवायचं तर कुणावर? आणि विचारायचं तर कुणाला! एवढंच कळायला पाहिजे की ती हे हसून म्हणायची की कंटाळून. एवढं जरी कळलं तरी चालेल.


१७ एप्रिल

काही नाही. ऊन.

इंग्रजीत कडक उन्हाच्या दिवसांना कुत्र्याचे दिवस म्हणतात, असा साधनाचा मेसेज. आमच्या मंठ्यात ते फेब्रुवारीपासून चालू आहेत.


१८ एप्रिल, शुक्रवार

लाज गेली!

दुपारी सगळी गल्ली दारं लावून झोपलेली. म्हणालो आज करूनच टाकू. टाकीजवळ गेलो. कुत्र्यानं डोकं वर केलं. मी घसा साफ केला.

"सोमेश्वर."

काही नाही.

"सोमेश्वर! ए सोमेश्वर, ये."

त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मग हळूच दुसरीकडं. एखादा माणूस काहीतरी भलतंच करत असेल आणि आपल्याला बघवत नसेल तर आपण दुसरीकडं बघतो ना, तसं.

तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हणालो. मागून आवाज आला —

"काय हरवलं का सोमेश्वरराव?"

तातेराव! दुकान बंद करून जेवायला चालले होते. स्कूटर थांबवून बघत होते.

"नाही. काही नाही."

"न्हाई, तुम्ही तुम्हालाच बोलवून राह्यले होते म्हणून विचारलं."

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. तुळजाबाई कुंपणाशी आल्या. या वेळी हसल्या नाहीत.

"भावजी, तुम्हाला वाटलं तिनं तुमचं नाव ठेवलं त्याला?"

मी कुंपणाकडं बघत मान हलवली.

"वंदना?" त्या म्हणाल्या. "आमची वंदना? आम्हा मैत्रिणींत सुद्धा तिनं कधी तुमचं नाव घेतलं न्हाई. 'आमच्या घरी' म्हणायची. 'आमच्या घरी भेंडी चालत न्हाई. आमच्या घरी आज ताप हाये.' अन् ती कुत्र्याला तुमचं नाव ठेवंल?" डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग तशाच पाण्यातून परत हसायला आलं त्यांना. "पण तुम्ही जवळ गेल्ता. लई जवळ."

"मग सांगून टाका ना!"

"न्हाई बाई. मी तुम्हाला भावजी म्हणते. ते मला तुमच्या तोंडावर म्हणता यायचं न्हाई."

आत गेल्या. रात्री भेंडीची भाजी पाठवली. डबा उघडून हसू आलं.

नाव माझं नव्हतं, एवढं तरी झालं. पण मग काय होतं?


१९ एप्रिल

उद्या रविवार. साखळी आणून ठेवली. उगीच.


२० एप्रिल, रविवार

नीट लिहून ठेवतो.

ऊन उतरायच्या आधीच पिकअप आली. टाकीपाशी बरेच लोक जमले होते. मंठ्यात रविवारी दुसरं काय असतं? तातेराव, ड्रायव्हर, चार-दोन माणसं. बायका आपापल्या फाटकात. तुळजाबाई त्यांच्या पायरीवर. दुर्गाबाई मात्र दिसत नव्हत्या. मला त्याचंही बरं वाटलं, एक कमी.

"मारा हाक," तातेराव म्हणाले.

मी यू-यू केलं. लोक हसले नाहीत, तेच वाईट वाटलं. 'या' म्हणालो. शेपूट हलली, पण उठलं नाही. मग साधनानं सांगितलेले शब्द आठवतील तसे बारीक आवाजात म्हणालो. पेरो म्हणालो तेव्हा ड्रायव्हरनं विचारलं, पेरू हायेत का? मला घाम आला होता.

"आणखी एकदा मारा," तातेराव म्हणाले. मारली. काही नाही.

त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. "मला बी बरं वाटून न्हाई राह्यलं, सोमेश्वरराव. पण तुम्ही बघता. उद्या कुणाला चावलं तर? ते तुमचं न्हाई. ते वहिनींचं होतं. वहिनी न्हाईत." आणि ड्रायव्हरला खूण केली. त्यानं दोरी काढली आणि वाकला.

तातेराव खोटं बोलत नव्हते.

तेवढ्यात दुर्गाबाईंचा आवाज. त्यांच्या फाटकातून, अगदी मोठ्यानं, लांबवून —

"अवोऽऽ! या जेवायला! निवून चाललं!"

कुत्रं उठलं! ड्रायव्हरच्या पायांतून निघालं. तातेरावांच्या बाजूनं, दुर्गाबाईंच्या फाटकावरून, पण तिथं थांबलं नाही. सरळ आमच्या पायरीवर. ताटली असायची त्या जागेजवळ बसलं, दाराकडं तोंड करून. धापा टाकत.

आणि मी? मी पण निघालो होतो. लोक मागं राहिले, मी घराच्या दिशेनं चालत होतो. फाटकाजवळ आल्यावर कळलं की मी का चाललोय ते मला माहीत नाही.

मागून तातेराव येत होते, स्वतःच्या घराकडं. एका हाकेला तीन जण!

मग सगळ्या बायका जे हसल्या! तुळजाबाई पायरीवर बसल्याच. तातेराव आत गेले आणि आतून त्यांचा आवाज आला — "अगं, वाढलंय कुठं? कुकर तरी लावला का?" आणि दुर्गाबाईंचा — "एवढ्या उन्हात कुणी जेवतं का? बसा गुमान."

थोड्या वेळानं तातेराव परत बाहेर. ड्रायव्हरनं विचारलं, मंग, न्यायचं का न्हाई?

"कसलं न्यायचं!" तातेराव म्हणाले. "माझ्या बायकोच्या हाकंला मी सुद्धा एवढ्या जल्दी जात न्हाई." माझ्याकडं बघून म्हणाले, "बांधा. अन् आता व्याही यायच्या आधी मला फोन करतील असं बघतो."

लोक गेल्यावर तुळजाबाई कुंपणाशी आल्या.

"तिनं त्याला नाव ठेवलंच न्हाई, भावजी. तुम्ही नको म्हणला होता ना. ती तुम्हालाच हाक मारायची. ते पिल्लू असल्यापासून बघायचं, हाक झाली की ताटली येती. त्याला वाटलं आपल्यालाच बोलवून राह्यली. तुम्ही उठायच्या आत ते पायरीवर."

"तिला माहीत होतं?"

"माहीत! नळावर सांगून सांगून हसायची. म्हणायची, माझं एका हाकंत दोन पानं वाढून होतात. एक पळत येतं, एक घडी घालत येतं."

मी म्हणालो, ती हे हसून म्हणायची?

"मंग काय रडून?"

आणि मला कोणी का सांगितलं नाही तेही कळलं. कुणाच्या बायकोनं मला 'अवो' म्हणावं? दुर्गाबाईंना तेवढं जमलं, कारण त्यांच्याकडं स्वतःचा नवरा होता.

साखळी बांधली नाही. रात्री कुत्रं पायरीवरच होतं. पण ताटलीतलं खाल्लं नाही. दाराकडं बघत राहिलं.


२१ एप्रिल

सकाळी भाकर कुस्करली. फाटकात उभा राहिलो आणि हाक मारली. मोठ्यानं. तिचीच. गल्लीतल्या दोन-तीन पुरुषांनी वळून बघितलं!

कुत्रं रस्त्यावरून पळत आलं. ताटलीजवळ बसलं. खाईना. माझ्याकडं नाही, आतल्या माझ्या खुर्चीकडं बघत होतं — त्या हाकेला अजून एकजण यायचा असतो.

मी आत गेलो, माझं ताट घेऊन आलो, पायरीवर बसलो.

मंग त्यानं खाल्लं.